एकशेवीस गलबतं आणि आंबूबायची कोयती

“घसा फोडून सांगतेय, एकाचा माझ्यावर विश्वास बसेल तर शपथ!”

कालवबेटाच्या भर दरबारात आंबूबाय उभी होती. कमरेला कालवं फोडायची कोयती, पायाला चिखल.

“अगं, बसेल कसा?” कारभारी विसोबा खेकसले. “एकशेवीस गलबतांची एका दिवसात शून्य होतील म्हणतेस!”

प्रकरण असं होतं. पलीकडच्या थोरल्या राज्याचा राजा प्रचंडराव. त्यांची गलबतं एकशेवीस, फौज दहा हजार. कालवबेटाची गलबतं नऊ, शिपाई चाळीस आणि तोफ एक. त्या तोफेतही कोंबडी अंडी घालायची. आणि प्रचंडरावांचा खलिता आला होता: ‘पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला माझं आरमार तुमच्यासमोर येईल. सूर्य मावळताना मोजणी करू. माझ्याइतकी गलबतं दाखवा, नाहीतर निशाण उतरवा आणि बेट माझ्या हवाली करा. काठावर ओढून ठेवलेली गलबतं धरणार नाही. तरंगतील तेवढीच मोजायची!’

बिचारे कालवबेटाचे सिदोजीराजे! तीन दिवस जेवले नव्हते. विसोबा सुचवत होते, बांबूची खोटी गलबतं करू. बांबूची! वाऱ्याची एक झुळूक आली की झालं हसं.

आंबूबाय म्हणाली, “राजे, काही करू नका. आपली नऊ गलबतं कातळामागच्या खोल पाण्यात ठेवा. वाड्यासमोरची जागा पाहुण्यांना मोकळी सोडा. बाकी माझ्यावर.”

“आणि फसलं तर?” विसोबा म्हणाले. “तुझी होडी जाळीन!”

“जाळा की! बेट गेल्यावर होडी काय चाटायची? उद्या माझ्याच खडकावरची कालवं काढायला त्या प्रचंडरावाची परवानगी मागू?”

सिदोजीराजांनी तिच्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं. तीस वर्षं ती बाई ओहोटीला त्या चिखलात उतरत होती. ते म्हणाले, “जा आंबूबाय. तू सांगशील तसं.”

द्वितीयेच्या दुपारी आरमार आलं. शिडांनी समुद्र झाकला! सगळ्यांत पुढच्या गलबतावर प्रचंडराव आणि त्यांचे आरमारप्रमुख जैतराव. हे जैतराव म्हणजे राणीचे सख्खे भाऊ. सगळं आयुष्य राजधानीच्या नदीत गेलेलं, तिथला डोह बारा महिने खोल.

आंबूबाय होडी वल्हवत सामोरी गेली. “या, या! वाड्यासमोरची जागा झाडूनपुसून ठेवलीय.”

जैतरावांनी डोळे बारीक केले. “एवढ्या जवळ? पाणी आहे का?”

“माझ्यावर कशाला विश्वास ठेवता? इथे कुणी ठेवत नाही. दोर टाका, मोजा!”

दोर टाकला. “दोन वाव पाणी! हत्ती बुडेल! आपल्या गलबतांना तेवढं पुरतं!” जैतराव खूश झाले. “लावा सगळी गलबतं वाड्यासमोर! त्या राजाला खिडकीतून दिसू द्या!”

एकशेवीस नांगर पडले. आंबूबाय काठावर येऊन टोपली पालथी घालून बसली.

थोड्या वेळाने पाणी हातभर उतरलं. मग पुरुषभर. मग पहिलं गलबत कलंडलं. पाठोपाठ दुसरं, तिसरं, दहावं! भाताचा हंडा घरंगळत स्वयंपाक्याच्या अंगावर गेला. अर्ध्या तोफा ढगांकडे बघायला लागल्या, अर्ध्या चिखलात तोंड खुपसून बसल्या. एक शिपाई खाली उडी मारून गेला तो कमरेपर्यंत रुतला. “आता पोहून दाखव!” म्हणत कालवं काढणाऱ्या बायांनी फळी टाकून त्याला उपटून काढलं, मुळ्यासारखं!

सूर्य टेकला. प्रचंडराव तिरक्या गलबताचा कठडा धरून ओरडले, “मोजणी करा! माझी एकशेवीस!”

“तरंगतात किती, राजे?” आंबूबायने खालून विचारलं. “अट तुमचीच आहे!”

प्रचंडरावांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. एकही तरंगत नव्हतं.

“तुमची शून्य,” आंबूबाय म्हणाली. कातळामागून नऊ गलबतं डौलात बाहेर आली. “आमची नऊ!”

“अगं, पण रात्री भरती येईलच की! एका सपाट्यात बेट घेईन!”

“रात्रीची भरती दुपारच्याहून कमी, उद्याची त्याहून कमी. तुम्ही सगळ्यांत मोठ्या उधाणाला आत शिरलात. आता अमावस्येच्या उधाणापर्यंत हलायचं नाव नको. तोवर आमचं पाणी प्यायचं आणि आमचं कालवांचं कालवण खायचं. तिखट चालतं ना?”

प्रचंडरावांचं पोट हललं, मिश्या हलल्या, आणि ते असे गडगडून हसले की तिरकं गलबत आणखी तिरकं झालं!

“हरलो! हा घे मोत्यांचा कंठा!”

“मोती ठेवा. आमच्याच शिंपल्यातले आहेत ते. लिहून द्या, की हे खडक आमचे, हे निशाण आमचं, आणि पुन्हा मोजणीला यायचं नाही.”

तिथल्या तिथे लिहून दिलं! सिदोजीराजांनीही आंबूबायला नवी कोरी होडी दिली. आणि पाहुण्यांसाठी कालवं फोडायचं काम? ते विसोबांना मिळालं. कोयती आंबूबायनेच त्यांच्या हातात दिली.

अंधार पडला तसा प्रचंडरावांचा चेहरा उतरला. “पण बाई, घरी गेल्यावर राणी विचारेल, कुणामुळे अडकलात? तिच्या भावाचं नाव घेतलं तर मला जेवायला मिळणार नाही! आणि नऊ गलबतांनी हरवलं म्हणालो तर जग हसेल. दोष द्यायचा कुणाला?”

जैतराव नखं कुरतडत होते. आंबूबायने पूर्वेकडे पाहिलं. डोंगरामागून गोल, पिवळा चेहरा हळूच वर येत होता.

“भरती आणली त्याने, पाणी पळवलं त्याने, आणि वर बघा कसा साळसूद उभा आहे! सांगा राणीसाहेबांना, सगळी चूक एकट्याची. चांदोबा!”