घटकाभर बस

फार वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी, एका खडकाच्या कपारीत पट्टेरी मुशी ही लहानशी शार्क मासळी राहत असे. दिवसभर वाळूवर पडून राहायचं आणि खेकडा जवळ आला की गट्ट करायचा, असं तिचं आयुष्य. तिची मैत्रीण कानमुशी मात्र सदा फिरतीवर. हातोड्यासारखं रुंद डोकं वाळूवरून फिरवत ती खाली दडलेला चपटा पाकट मासा हुडकून काढी आणि जाता जाता पट्टेरीच्या दारात दोन तुकडे टाकी.

"उभ्या उभ्या येतेस आणि जातेस," पट्टेरी कुरकुरे. "घटकाभर बसलीस तर काय बिघडेल?"

"अगं, पोहणं थांबलं की माझा श्वास थांबतो."

पट्टेरीला ही सबब वाटे. आपण नाही का पडल्या पडल्या श्वास घेत?

एकदा तिने मोठा खेकडा राखून ठेवला आणि कानमुशी येताच म्हणाली, "आज बसली नाहीस, तर उद्यापासून येऊ नकोस."

कानमुशीने दोन घिरट्या घातल्या. मग ती वाळूवर टेकली.

पट्टेरी हरखली. मनात साठलेलं सगळं बोलत सुटली. मैत्रीण मध्ये एकदाही बोलली नाही, तेव्हा तिला वाटलं, किती मन लावून ऐकतेय. शेवटी पाण्याच्या एका हेलकाव्याने कानमुशी कुशीवर कलंडली. खेकडा तसाच राहिला होता.

त्यानंतर कपारीवरून कुठलीही मुशी गेली, की पट्टेरी बाहेर डोकावे आणि घाईघाईने म्हणे, "बसू नकोस गं. जाता जाताच बोल."