सोमवारची टोपी

यंत्रं माणसांशी बोलत असत, त्या काळी एका बिस्किटांच्या भट्टीत एक डोळा आणि एक झडप राहत. ज्योत विझली की डोळ्याने हाक मारायची आणि झडपेने मिटून गॅस अडवायचा. झडप खरंच मिटते का, हे पाहायला भट्टी सांभाळणारे भिकाजीकाका दर सोमवारी डोळ्यावर टोपी घालत; ज्योत दिसेनाशी झाली की तो हाक मारी.

"सहा वर्षं मिटतेय, तरी यांचा विश्वास नाही," झडप फणकारली.

डोळ्याला मैत्रिणीचा अपमान सोसवेना. "काका, तिला आणखी किती छळणार?" त्याने विचारलं. काका भिडस्त. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली, ती तिथेच राहिली.

पावसाळा सरला आणि एका दुपारी ज्योत विझली. डोळा जीव तोडून हाका मारत राहिला, पण गॅस थांबेना. वास येताच काका धावत आले आणि त्यांनी मुख्य चावी फिरवली, पण तोवर साचलेला गॅस भडकला. त्यांचे दोन्ही हात भाजले.

भंगारात जाताना झडप म्हणाली, "हाक ऐकली होती रे. मिटायचंही होतं. पण इतके दिवस कुणी हलवलंच नाही, अंग आखडून गेलं होतं. तू माझी बाजू घेतलीस, हे मात्र मी विसरणार नाही."

डोळ्याला तेच सगळ्यात जास्त लागलं.