सातव्या मजल्याची पाहुणी

नाशिकच्या एका सोसायटीत चेअरमन बिडवेकाकांनी लिफ्टशेजारी पाटी लावली: ‘लिफ्ट फक्त इमारतीतील रहिवासी व पाहुण्यांसाठी. कामाला येणाऱ्यांनी जिना वापरावा.’

सातव्या मजल्यावर वैदर्भीच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या कौसाबाईंचे गुडघे दोन दिवसांत सुजले. “ताई, दुसरी बाई बघा,” त्या वैदर्भीला म्हणाल्या.

“मोठ्यांशी वाद नको गं,” आई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच वैदर्भी खाली जाऊन लिफ्टच्या दारात उभी राहिली. समोरून कौसाबाई आल्या आणि त्यांच्या मागोमाग स्वतः बिडवेकाका, गच्चीवरची टाकी तपासायला.

“काका, तुम्ही राहता पलीकडच्या इमारतीत. मग इथे कामाला आलात की पाहुणे म्हणून?”

काकांनी आधी पाटीकडे पाहिलं, मग जिन्याकडे. “पाहुणाच समज!”

“वा! पण आमच्याकडे तुम्ही कधी घोटभर पाणीही प्यायला नाहीत. कौसाबाई रोज चहा पितात. मग तुमच्याआधी पाहुण्या त्याच, नाही का?”

तोवर कौसाबाई आत शिरल्या होत्या. सरकून उभ्या राहत त्या म्हणाल्या, “या की साहेब, लाजू नका. मावाल तुम्हीपण.”