जुडीतली तिन्ही पाने वडाची

बांबूच्या बनाला वळसा घालून ओढ्याकडे उतरले की उजव्या हाताला एक बीळ लागे. त्या बिळात एक साळिंदर, त्याची साळिंदरीण आणि त्यांचे एकुलते एक पिल्लू अशी तिघे राहत असत. साळिंदराच्या अंगावरचे काटे तुम्ही चित्रात पाहिले असतील, मुलांनो. एरवी ते पाठीवर निजलेले असतात. साळिंदर घाबरले की ते ताठ उभे राहतात. वाघ आला तर ही गोष्ट फार उपयोगाची आहे. आपलेच लेकरू कुशीत यायला बघत असेल, तर तितकीशी नाही.

त्या वर्षी पिल्लाची लहान शाळा संपली आणि त्याला मोठ्या शाळेत घालायची वेळ आली. जंगलात मोठ्या शाळा तीन. एक वडाखाली, एक करंजाखाली आणि एक ओढ्यापलीकडे पांगाऱ्याखाली. भर दुपारी झाडाच्या सावलीत जितकी पिल्ले मावतील तितकीच त्या शाळेत घ्यायची, असा नियम होता. प्रत्येक घराने तीन झाडांची पाने एकावर एक ठेवायची आणि काट्याने टोचून त्यांची जुडी करायची. सर्वांत हवी असलेली शाळा वर, मग दुसरी, मग तिसरी. या जुड्या ओढ्याच्या वाळूत बगळ्यापुढे नेऊन ठेवायच्या. बगळा वरचे पान बघे. त्या झाडाची सावली भरली असेल तर तो ते उलटून खालचे बघे. आणि वाचताना ज्याचे घर शाळेच्या जवळ, त्याची जुडी आधी.

आता जंगलातल्या झाडून साऱ्या आईबापांना वडच हवा होता. वडाखाली शिकलेली पिल्ले फार पुढे जातात, असे सगळे म्हणत. कुठे जातात, ते कोणी सांगत नसे. सशांनी तर वडाच्या बुंध्याशीच नवे बीळ उकरून तिकडे बिऱ्हाड हलवले. साळिंदराचे बीळ वडापासून लांब होते. नेमके हेच त्या दोघांच्या जिवाला लागून राहिले. वडाखाली पिल्लांना पारंब्यांवर झोके घ्यायला लावतात, अशी कुणकुण लागली, तसे त्यांनी पिल्लाला माकडाच्या शिकवणीला घातले. साळिंदराचे पिल्लू ते, पारंबीला लटकणार कसे? रोज आपटे, रोज उठे आणि संध्याकाळी पाय ओढत घरी येई.

शिकवणीची वाट करंजावरून जात होती. तिथे एक खवल्या मांजर गुरुजी होते. ते पिल्लांना जमीन हुंगून आतली मुळे कशी ओळखायची आणि मूळ न तोडता माती कशी उकरायची, ते शिकवत. पिल्लू येता-जाता तिथे रेंगाळू लागले. एकदा त्याच्याने राहवले नाही. त्यानेही कडेला बसून थोडे उकरून पाहिले. गुरुजींनी मान वळवून बघितले आणि म्हणाले, "हात चांगला आहे रे तुझा." त्या संध्याकाळी पिल्लाने करंजाचे एक पान तोंडात धरून घरी आणले. ते आईला द्यायचे आणि सगळे सांगायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते.

पण त्या दिवसांत आईजवळ जाणे सोपे नव्हते. जुडी टोचायला साळिंदराच्या गळलेल्या काट्याइतके पक्के दुसरे काही नाही, म्हणून सगळे जंगल साळिंदरिणीकडे काटे मागायला येत होते. काटा नेणारा प्रत्येकजण एकेक बातमी ठेवून जाई. वडाची एक फांदी वाळली, सावली यंदा कमी आहे. लांबच्यांच्या जुड्या बगळा उघडतसुद्धा नाही. एका बातमीने साळिंदरिणीचे काटे उभे राहत आणि ते खाली यायच्या आत दुसरी बातमी दारात हजर असे. पिल्लू पान घेऊन आले तेव्हा ती बिळात येरझारा घालत होती. "नंतर, बाळा," एवढेच ती म्हणाली. मग ते बापाकडे गेले. बापाने "वडाचं बघू दे आधी," म्हणून पाठ वळवली आणि ती पाठही काट्यांनी भरलेली होती. पिल्लाने पान बिळाच्या तोंडाशी एका दगडाखाली जपून ठेवले.

जुड्या द्यायच्या आदल्या दिवशी शेजारची कोल्हीण काटा मागायला आली. जाता जाता ती कानाशी लागून म्हणाली, "वहिनी, तिन्ही पानं वडाचीच लावा. दुसरं झाड दाखवलं की त्यांना वाटतं, यांना तिथंही चालतंय. मग तुम्हाला वडात कशाला घेतील?"

साळिंदरिणीला हे एकदम पटले. भ्यालेल्या माणसाला कोणतीही गोष्ट एकदम पटते, आणि साळिंदराचेही तसेच. तिने नवऱ्याला हाक मारली. "अहो, करंज नको नि पांगाराही नको. वडच लावू या वरपासून खालपर्यंत." साळिंदराला मनातून धाकधूक वाटत होती, पण आपण वेगळे काही सुचवावे आणि उद्या तेच अंगाशी यावे, याची त्याला जास्त धाकधूक वाटली. त्याने मान डोलावली. दोघे वडाची तीन पाने जुळवत बसले असताना पिल्लू दगडाखालचे पान घेऊन पुन्हा आले. आपल्या मागे कोणी उभे आहे, हे आईला कळले नाही. ती काटा घ्यायला वळली आणि तिच्या पाठीचा एक काटा पिल्लाच्या नाकात रुतला. आईने तो काढला, चाटून रक्त थांबवले आणि घाबरून त्यालाच रागावली, "असं मागं येऊन उभं राहतात का?" करंजाचे पान पिल्लाने आपल्या पायाखाली दाबून धरले होते.

दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या वाळूत सारे जंगल जमले. बगळा एका पायावर उभा राहून एकेक जुडी उघडत होता. सशांची पिल्ले वडात गेली, भेकराचे गेले, मुंगसाचे गेले. वड भरला. मग करंज भरत चालला. साळिंदराची जुडी आली तेव्हा साळिंदरिणीने डोळे मिटून घेतले.

बगळ्याने वरचे पान पाहिले. वड. त्याने ते उलटले. खाली वड. तेही उलटले. त्याच्याही खाली वड. त्याने मान वाकडी करून जुडीखालची वाळूसुद्धा बघितली.

"दुसरं काहीच नाही?" तो म्हणाला. "करंजात अजून एक जागा आहे."

"मग ती द्या ना, बगळेकाका," साळिंदर काकुळतीला येऊन म्हणाला.

"मागितली नाही ती जागा मी कशी देऊ? मागं अजून जुड्या आहेत," बगळा म्हणाला. तो काही दुष्ट नव्हता, पण नियम म्हणजे नियम. त्याने पुढची जुडी ओढली. ती कोल्हिणीची होती. वरचे पान वडाचे होते. ते उलटल्यावर खाली करंजाचे हिरवेगार पान निघाले आणि करंजातली शेवटची जागा कोल्हिणीच्या पिल्लाला मिळाली. त्या जुडीत खोचलेला काटा साळिंदरिणीने लगेच ओळखला. तो तिच्याच पाठीचा होता.

कोल्हीण मान खाली घालून जवळ आली. "तुम्हाला फसवलं नाही हो, वहिनी. मीसुद्धा तिन्ही वडाचीच लावली होती. ऐनवेळी भीती वाटली नि एक बदललं." साळिंदरिणीला तिच्यावर रागावताही येईना. ज्यांना कुठेच जागा मिळाली नाही, त्यांना पांगाऱ्याची उरलेली सावली होती.

घरी आल्यावर पिल्लू बिळाच्या तोंडाशीच थांबले. साळिंदरीण आत बसली होती. तिला रडू आवरत नव्हते आणि लेकराला पोटाशी घ्यावेसे वाटत होते. ती म्हणाली, "ये रे, जवळ ये."

पिल्लू जागचे हलले नाही. त्याने विचारले, "आई, काटे खाली झाले का?"

साळिंदरिणीने मान वळवून स्वतःच्या पाठीकडे पाहिले. तिकडे साळिंदराने आपल्या पाठीकडे पाहिले. दोघांचेही काटे ताठ उभे होते आणि ते कधीपासून तसे आहेत, हे दोघांनाही आठवेना. साळिंदरीण हळूहळू श्वास सोडत बसून राहिली. एकेक काटा खाली आला. तेव्हा पिल्लू सरपटत आले, तिच्या कुशीत शिरले आणि त्याने ते चुरगळलेले करंजाचे पान तिच्यापुढे ठेवले. गुरुजी काय म्हणाले तेही सांगितले. साळिंदर जवळ येऊन त्या पानाच्या चुण्या सारख्या करू लागला. मग म्हणाला, "आमचं चुकलं, बाळा. तुझ्यासाठी सगळ्या जंगलाला विचारलं, फक्त तुला विचारायचं राहून गेलं."

करंज काही परत मिळणार नव्हता. दुसऱ्या दिवशी तिघे ओढा ओलांडून पांगाऱ्याकडे गेले. इतक्या दिवसांत त्या नवराबायकोने कोणतीही शाळा स्वतःच्या डोळ्यांनी बघितली नव्हती, ही पहिलीच. पावसात ओढा चढला तर पिल्लू कसे येणार, हे मनात येताच साळिंदराचे काटे अर्धे वर आले. शेजारी चालणाऱ्या पिल्लाकडे बघून त्याने ते पुन्हा निजवले. पांगाऱ्याची सावली विरळ होती. तिथले कासव गुरुजी वाकून वाकून शिकवत होते. ओढ्याकाठची माती मात्र मऊ होती. पिल्लाने ती हुंगली आणि थोडी उकरली. मग ते झाडाच्या खोडापाशी जाऊन वर बघत उभे राहिले. पांगाऱ्याच्या सालीवर खालपासून वरपर्यंत बारीक टोकदार काटे होते.

"आई," ते म्हणाले, "हे आपल्यासारखं आहे." आणि ते त्या खोडाला पाठ लावून बसले.

तात्पर्य : लेकराची काळजी प्रत्येकाने करावी, पण ती इतकी ताठ उभी राहू देऊ नये की लेकराला जवळ येऊन आपल्या मनातले सांगताच येणार नाही.