रावशीची पलीकडची वाट

नदीच्या मुखाशी माणसं नुकतीच जाळ्यांत मासे पाळू लागली होती, त्या जुन्या काळातली ही गोष्ट. दाटीतल्या त्या माशांच्या अंगावर रक्त पिणाऱ्या उवा झाल्या. जवळून समुद्राकडे निघालेली रावशी मासळीची पिल्लंही त्या उवांनी मरू लागली.

पाणमांजर पिल्लांना वाट दाखवणाऱ्या थोरल्या रावशीला म्हणालं, "रावशी, जाळीच फाडतो."

"नको रे बाबा. ते मासे बाहेर आले तर उवा नदीभर होतील."

जाळीतला एक मासा क्षीण आवाजात म्हणाला, "मावशी, पोरांना पलीकडच्या खडकांतून ने. तिथवर आमचं पाणी पोचत नाही."

त्या वाटेवर बगळे टपलेले असत. तरी थकलेली रावशी पिल्लांना घेऊन तिकडे वळली. काही पिल्लं बगळ्यांनी टिपली. उरलेली समुद्रात शिरली, तेव्हा त्यांच्या अंगावर एकही ऊ नव्हती.

रावशी मात्र मागे फिरली. नदीच्या वरच्या अंगाने आणखी पिल्लं येत होती.