पाठमोरा दगड

‘दादा माझा की तुमचा?’ राघूनं साऱ्या गावाला विचारलं होतं.

सोनगव्हाणात महादेवाच्या देवळापुढे बसायचा एक काळा दगड आहे. त्याला मागे टेकायला उंचवटा आहे. पण तोंड डोंगराकडे आणि पाठ गावाकडे. आल्यागेल्याला नवल वाटतं. मग देवळाचे गुरव भागूआप्पा सांगू लागतात.

पूर्वी दगडाचं तोंड गावाकडे होतं म्हणे. तंटे तिथंच मिटत. गावानं निवाडा करायला निंबाजीला त्यावर बसवलं. महादेवाच्या पिंडीवर हात ठेवून त्यानं शपथ घेतली, की कुणाच्या घरचं खाणार नाही, आपलं-परकं बघणार नाही. राघू त्याचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेलेले, निंबाजीनंच त्याला वाढवलेला. दोघं एका ताटात जेवत. आता कुणाच्या शेळीनं कुणाचा वेल खाल्ला, तरी दादाचा दिवस त्याचा. राघू गार झालेल्या भाकरीपुढे बसून राही.

“राघू, तुला सवत आली रे दगडाची,” बाया हसत. एकदा रागानं त्यानं दगडाला लाथ मारली. अंगठा सुजला, तेव्हा गाव आणखी हसलं.

त्याला एवढंच कळत होतं, की जो तंट्याला उभा राहतो, त्याचं दादा मन लावून ऐकतो. म्हणून एके सकाळी साळूबाईच्या पाण्याच्या पाळीला त्यानं पाट फोडला आणि पाणी आपल्या शेतात वळवलं. साळूबाई विधवा, तिचा गहू ऐन दाण्यात आलेला. राघू लपला नाही. बोलावणं येताच धुतलेलं मुंडासं बांधून गेला.

“नाव सांग,” निंबाजी म्हणाला.

“राघू. निंबाजीचा भाऊ.”

“नुसतं नाव.”

राघूचा चेहरा काळवंडला. तेवढ्यात पाटील पुढे झाले. गावाचं गायरान त्यांनी दाबलेलं, त्याचा निवाडा दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. “घरचंच पोर आहे, निंबाजी,” ते म्हणाले. “सोडून द्या. उद्या आम्हालाही असंच सांभाळून घ्या.”

निंबाजीनं मान वळवली आणि मागच्या डोंगराकडे बघत निकाल दिला. राघूच्या शेताला तीन पाळ्या पाणी नाही. ते पाणी साळूबाईला.

दादानं तोंडसुद्धा फिरवलं, हे राघूला निकालापेक्षा जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी पाटलांनाही गायरान सोडावं लागलं. सख्ख्या भावाला सुटका नाही, तिथं पाटील काय बोलणार?

पण राघूचं शेत तेच निंबाजीचं शेत. पीक करपलं. लोक धान्य घेऊन आले, ते त्यानं परत पाठवलं. आज ज्याचं खाईन, उद्या त्याचा न्याय कसा करू, असं म्हणाला. राघू कंदमुळं आणी. त्यातलंही अर्धं निंबाजी त्याच्याच पुढे सारी. अंग खंगलं, ताप भरला, आणि चैत्रात निंबाजी गेला.

दहाव्याला सारं गाव रडलं. त्या रडण्याचाही राघूला हेवा वाटला. तेव्हाच त्यानं तो प्रश्न विचारला. साळूबाई जवळ आली.

“त्या दिवशी मी त्याच्या बाजूला उभी होते,” ती म्हणाली. “तोंड फिरवलं तेव्हा डोळे भरलेले होते त्याचे. तुझ्याकडं बघितलं असतं, तर माझं पाणी गेलं असतं रे.”

राघू उठला. घरून पहार आणली. दोघातिघांनी हात लावायला बघितलं, त्यांना त्यानं जवळ येऊ दिलं नाही. यापुढं इथं बसेल त्याला मान वळवावी लागू नये, एवढंच म्हणाला. दुपार कलेपर्यंत एकट्यानं दगड डोंगराकडे फिरवला.

आजही सोनगव्हाणात निवाडा करणारा गावाकडे पाठ करून बसतो. मागे उभा राहणारा, मग तो कुणीही असो, नाव तेवढं सांगतो. कुणाचा कोण, ते सांगत नाही. ही रीत राघूनंच घातली, असं सांगतात. त्याच दिवशी गाव सोडून जाण्याआधी तो घामेजल्या अंगानं त्या रिकाम्या दगडामागे हात जोडून उभा राहिला.

“राघू,” तो म्हणाला. नुसतं नाव.