सुरईतली राजकन्या

एका राज्यात शूरंजय नावाचा राजा होता. त्याने भर दरबारात मायावी कालदंष्ट्राची थट्टा केली. मायावी कोपला. त्याने मूठभर राख राजकन्येवर फुंकली आणि चालतीबोलती विशाखा मुठीएवढा कंद होऊन पायरीवर पडली. "मातीला लागली की कायमची मातीची झाली!" एवढे बोलून तो गुप्त झाला.

राजा सैन्य घेऊन त्याला शोधायला निघाला. राजेलोकांना दुसरे काय सुचणार? राणी सुकांता मात्र कंद पदरात धरून बसली. तळहाताच्या फोडासारखी जपलेली लेक, आता तिला ठेवावे तरी कुठे?

तेव्हा खांबावरची म्हातारी मैना म्हणाली, "राणीसाहेब, माती नको तर पाण्यावर वाढवा. पण तीन गोष्टी पाळाव्या लागतील. पाणी कंदाच्या तळाला टेकेल इतकेच. मुळे फुटेपर्यंत अंधार, दार उघडायचे नाही. आणि फूल आले तर खुडायचे नाही."

"पाळीन," राणी म्हणाली.

तिने स्फटिकाची सुरई आणवली, तिच्या तोंडाशी कंद बसवला. पण आईच ती! लेक तहानली असेल म्हणून तिने सुरई काठोकाठ भरली. सकाळी पाहते तो कंदाची साल मऊ पडलेली, वास येऊ लागलेला.

"अति तिथे माती," मैना कळवळून म्हणाली. राणीने रडत रडत पाणी उपसले, कंद पदराने टिपला. पुन्हा तिने तशी चूक केली नाही.

मग सुरई अंधाऱ्या खोलीत गेली. आतून हाक येई, "आई, दार उघड ना. मला भीती वाटते." राणी दाराला पाठ लावून बसे. "मी इथेच आहे गं," एवढेच म्हणे. बसल्या जागी तिचे केस पांढरे झाले. शेवटी एकदा मुळे काचेवर टकटक वाजू लागली, तेव्हा कुठे तिने दार उघडले.

उजेडात कोंब आला, पांढरे फूल उमलले, आणि ते विशाखेच्या आवाजात हसले. राजा हात हलवत परतला होता. तो म्हणाला, "हे खुडून कुपीत ठेवू. निदान तिचे हसू तरी आपल्याजवळ राहील."

खोटे कशाला सांगू, राणीचा हातही देठापर्यंत गेला होता. पण तिने तो मागे घेतला. "नुसते हसू घेऊन काय करू, महाराज? मला लेक हवी."

फूल सुकले. सगळे सत्त्व फुलात गेले होते, कंदाचे नुसते टरफल उरले. आपणच लेकीला मारले असे वाटून राणी धाय मोकलून रडली. तोच टरफल उकलले आणि विशाखा उभी राहिली, वाळून काडी झालेली. त्याच घटकेला दूर डोंगरावर कालदंष्ट्राचा जादूचा दंड मोडला. पुढे तो कुठे गेला, ते त्याचे त्याला ठाऊक.

"आई," विशाखा म्हणाली, "नुसत्या पाण्यावर होते गं. फार भूक लागली."

राणीने ताट घेतले, भात वाढला, वर तूप सोडले. दुसऱ्यांदा वाढायच्या आधी मात्र ती थबकली आणि सवयीने मैनेकडे पाहू लागली.

"आता हवे तेवढे वाढा, राणीसाहेब," मैना म्हणाली.